बाईंच्या गाडीवरचा हात

जोतीरामचे हात बारा महिने पिवळे. सांगलीच्या हळदपेठेत पॉलिशच्या ड्रमावर काम करणाऱ्या माणसाचं दुसरं काय होणार? उकडून वाळवलेली हळकुंडं त्या दांडग्या पिंपात ओतायची, मोटर चालू करायची, पिंप गरागरा फिरवून साल-माती उडवायची, आणि हळकुंडं गुळगुळीत, पिवळीधमक झाली की पोत्यात भरायची. हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. पण या गड्याचं मन त्या पिंपात कधी रमलंच नाही. त्याचा जीव अडकला होता मोटारींच्या रंगात.

आता स्वतःकडे एक सायकल, तीसुद्धा उतारावर चेन टाकणारी, आणि नाद कसला तर मोटारी चमकवायचा! सुट्टी आली की जोतीराम डाळीच्या पिठानं हात खसाखसा धुणार, मलमलच्या जुन्या धोतराचे तुकडे पिशवीत भरणार, आणि कुणाची तरी गाडी गाठणार. एखाद्या अडत्याची फियाट, एखाद्या वकिलाची अँबॅसिडर. आधी रिठ्याच्या पाण्यानं धुवायची, मग रंग घासायचं कंपाउंड लावून वरचा मेलेला थर सोलायचा, मग मधाच्या पोळ्याचं मेण टर्पेंटाईनमध्ये विरघळवून त्याचा हात द्यायचा. चहा सोडून कुणाचं काही घेणार नाही. पेठेतले हमाल त्याला लय छळायचे.

"जोत्या, आठवडाभर हळद उजळतूस, सुट्टीला लोकांच्या मोटारी उजळतूस. आन घरच्या बायकूला कवा उजळणार रं?"

"ती मुळातच उजळ हाय गड्या," जोतीराम म्हणायचा. "तुमच्या तोंडांचं मात्र माझ्याच्यानं काय हुणार न्हाई. लय कंपाउंड लागंल."

हा नाद त्याला लागला कसा, ते ऐकण्यासारखं आहे.

अठ्ठावन्न सालचा श्रावण. जोतीराम तेव्हा दुधगावात राहायचा. बायको भामाबाई पहिलटकरीण, दिवस भरलेले, आणि सकाळपासून कळा सुरू झालेल्या. सुईण म्हणाली, मूल आडवं वाटतंय, सांगलीला न्या. बैलगाडी जुंपली, तर सडकेला लागायच्या आधीच चाक काळ्या चिखलात आसापर्यंत रुतलं. बैल मटकन खाली बसले. भामाबाई गाडीत ओरडतेय आणि जोतीराम चाकाला खांदा लावून रडतोय, अशी सगळी तऱ्हा.

तेवढ्यात आष्ट्याकडून सायीच्या रंगाची एक ऑस्टिन मोटार आली. चालवणारी बाई! त्या काळी आमच्या भागात बाई मोटार चालवते म्हणजे पोरंसोरं मागे धावायची. या होत्या मिरजेच्या डॉक्टर मोघेबाई. कुठल्याशा गावी रोगी बघून परतत होत्या. त्यांनी काच खाली केली, एका नजरेत सगळं बघितलं आणि जोतीरामवर अशा खेकसल्या की बैलसुद्धा उठून उभे राहिले.

"बघत काय उभा राहिलास? उचल तिला, आण इकडे!"

कृष्णेचा पूल ओलांडला, आणि पोरीनं बाईंच्या मिरजेच्या दवाखान्याची वाट बघितली नाही. मोटार कडेला लावून बाईंनी मागच्या सीटवर आडवं मूल वळवून बाळंतपण केलं. मुलगी झाली. पण भामाबाईचं रक्त थांबेना. बाईंनी जोतीरामचा हात धरला, त्याची मूठ वळवली आणि भामाबाईच्या पोटावर दाबून धरली.

"इथे दाबून बस. घट्ट. मिरज येईपर्यंत हात उचलायचा नाही. कळलं? ती ओरडली तरी नाही."

सांगली सुटली, विश्रामबाग गेलं, जोतीरामच्या खांद्यात गोळे आले, पण त्यानं हात उचलला नाही. देवाचं नावसुद्धा घ्यायचं त्याला सुचलं नाही. पुढे बसलेल्या त्या बाईच्या पाठमोऱ्या अंबाड्याकडे बघत तो नुसता दाबून बसला होता. भामाबाई वाचली. पोरगीही वाचली. तिचं नाव मनू ठेवलं, पण गावानं तिला 'मोटरीतली मनू' केलं ते कायमचंच.

भामाबाई दवाखान्यात होती, तेव्हा जोतीराम बाईंच्या बंगल्यावर बादली घेऊन हजर झाला. सीटवर रक्त, खाली चिखल, त्याला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. बाई म्हणाल्या, "अरे, माणूस सांगितलाय मी, तू कशाला?" पण ऐकतो कोण! त्यानं आतून गाडी धुतली, बाहेरून धुतली, आणि दार घासता घासता एका जागी त्या मळकट, पिठूळ रंगाखालून लोण्यासारखी झळाळी वर आली. जोतीराम बघतच राहिला. त्यानं शेजारची जागा घासली. मग त्याच्या शेजारची. संध्याकाळपर्यंत सबंध दार लखलखत होतं आणि त्यात त्याचं स्वतःचं तोंड दिसत होतं, चांगलं हसरं. झालं, तिथनं माणूस नादावला.

पुढे पेठेत काम मिळालं, बिऱ्हाड सांगलीत आलं. दर खंडेनवमीला तिघंही मिरजेला बाईंकडे जाऊ लागली. जोतीराम आदल्या दिवसापासूनच जाऊन गाडी चमकवायचा. नवमीला पोर्चमध्ये गाडीची पूजा व्हायची. बाईंचा देवाधर्मावर फारसा विश्वास नव्हता, पण त्याही आपली काळी बॅग, चिमटे, कात्र्या आणून शेजारच्या पाटावर मांडायच्या. मग मनू तेलात कालवलेल्या हळदीत पंजा बुडवायची आणि बॉनेटवर उमटवायची. गाडीची लेक ती, तिचाच मान. नारळ फुटायचा, जेवणं व्हायची. आणि संध्याकाळी निघताना जोतीराम तो हात पुसून टाकायचा. खाली मेणाचा थर असायचा, त्यामुळे हळद एका फटक्यात निघायची.

बाई व्हरांड्यातून विचारायच्या, "पुसलास?"

"व्हय बाई. डागसुदीक ठिवला न्हाई."

"हं," म्हणून बाई आत जायच्या. जोतीरामला वाटायचं, खूश झाल्या.

सहासष्ट साली बाईंनी दवाखान्यातून निवृत्ती घेतली. दसरा झाला की मिरज सोडून साताऱ्याला बहिणीकडे कायमचं राहायला जायचं ठरलं. हे ऐकल्यापासून जोतीराम पिंपापाशी बसून मनाशी मोजदाद करायला लागला. आठ वर्षं तो गाडी घासत होता, पण हिशेब काही फिटल्यासारखा वाटत नव्हता. बायको दिली, लेक दिली, आणि आपण काय दिलं? चकाकी! ती तरी दर वर्षी धुळीनं उतरून जाणारी. आता शेवटची संधी होती. गाडी अशी निघाली पाहिजे की साताऱ्याच्या राजवाड्यापुढं माणसं थांबून विचारतील, ही कुठल्या कारखान्यातनं आत्ता बाहेर पडली?

हाताच्या जोरावर तेवढी चमक येत नाही, त्याला मशीन लागतं. भोकं पाडायचं एक जळकं विजेचं मशीन त्याला मिरजेच्या भंगारात मिळालं. ड्रमाच्या मोटरी दुरुस्त करून करून हात बसलेलाच होता. त्यानं तारा नव्यानं गुंडाळल्या, बेअरिंग बदललं, पुढे लाकडी तबकडी बसवली. तबकडीला लोकर पाहिजे, म्हणून आधी घोंगड्याचा तुकडा लावला. तर घोंगड्याला चिंचोक्याची खळ असते हे हा शहाणा विसरला! मशीनच्या गरमीनं खळ कडक झाली आणि चाचणीला घेतलेल्या भंगारातल्या मडगार्डावर मांजरानं बोचकारल्यागत वर्तुळं उठली. घोंगडं देणारा धुळा धनगर पोट धरून हसला.

"आरं येड्या, पावसापान्याचं घोंगडं त्ये, नवरीच्या गालावर फिरवतूस व्हय? थांब, जावळ देतो तुला." आणि त्यानं कोकराची पहिल्या कातरणीची लोकर आणून दिली, सावरीसारखी मऊ. बदल्यात काय मागावं? "तुज्या त्या डॉक्टरीणबाईला माझा रामराम सांग. माझ्या म्हातारीचा डोळा तिनंच मिरजंला वळखीनं करून दिलाय." त्या मुलखात बाईंचं देणं लागत नाही असं घर शोधावं लागलं असतं.

नवमीच्या आदल्या दिवशी मशीन घरघरायला लागलं. त्याची एक रीत जोतीरामला पक्की ठाऊक झाली होती: मशीन सतत फिरतं ठेवायचं, एका जागी थांबायचं नाही आणि कडांवर, उंचवट्यांवर दाबायचं नाही, कारण तिथे रंग पातळ असतो. दारं झाली, टप झाला, डिकी झाली, मेणही चढलं. फक्त बॉनेट उरलं. ते सकाळी करू म्हणून ठेवलं, तर नवमीच्या सकाळी वीज गेली! जोतीराम पोर्चमध्ये येरझाऱ्या घालतोय, देवाकडं बघावं तसं बल्बकडं बघतोय. वीज आली तेव्हा पूजेची वेळ टेकलेली. त्यानं बॉनेटवर कंपाउंड फिरवून घेतलं. मेण पूजेनंतर हातानंच लावू, असं ठरवलं. मशीन पुसून पाटावर बाईंच्या बॅगेशेजारी मांडलं, त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि अंघोळीला गेला. पुजलेलं हत्यार त्या दिवशी चालवत नाहीत, एवढं तर शेंबड्या पोराला कळतं.

तो परत आला तोवर मनूनं मान उरकून घेतला होता. बॉनेटच्या मधोमध पत्र्याचा जो उंच कणा असतो, त्याला लागून पिवळाजर्द पंजा. नारळ फुटला, आरती झाली. जोतीरामनं फडकं उचललं आणि पुसायला लागला.

निघेना.

त्यानं पुन्हा पुसलं. तेल निघालं, पण हळद नाही. कंपाउंडनं रंगाची साल काढलेली, वर मेण नाही. कोरड्या भिंतीनं पाणी प्यावं तशी रंगानं हळद पिऊन टाकली होती. रिठा झाला, टर्पेंटाईन झालं. पंजा जागचा हलत नव्हता, बोटं अन् बोटं स्पष्ट.

भामाबाई आणि बाई स्वयंपाकघरात होत्या. जोतीरामचं डोकं फिरलं म्हणा, दुसरं काय? शेवटचं वर्ष, शेवटचा दिवस, आणि बाईंच्या गाडीच्या कपाळावर डाग! त्यानं पाटावरचं मशीन उचललं. माळ काढून बाजूला ठेवली, हळदकुंकू लागलेली मूठ तशीच धरली आणि बटण दाबलं.

घाईत माणूस शिकलेलं सगळं विसरतो. जे कधी करायचं नाही तेच त्यानं केलं. एका जागी थांबला आणि दाबलं, तेही कण्यावर. अंगठ्याची हळद जायला लागली म्हणून आणखी दाबलं. करपल्याचा वास आला. त्यानं मशीन वर घेतलं, तर सायीच्या रंगातून बोराएवढं खालचं तांबडं अस्तर डोळे वटारून बघत होतं.

मशीनचा आवाज ऐकून भामाबाई धावत आली.

"आवं, काय केलंसा ह्ये! पुजल्यालं हत्यार उचललंसा?"

जोतीराम मटकन पायरीवर बसला. त्या दिवशी चिखलात बैल बसले होते, तसाच. "भामे, गाडी जाळली गं मी," म्हणाला आणि पिवळ्या हातांत तोंड लपवून हमसून हमसून रडायला लागला. मनू घाबरून आईच्या पदराआड गेली. तिला वाटलं, हात आपण लावला, चूक आपलीच.

भामाबाईनं बॉनेटकडं बघितलं, तांबड्या ठिपक्याकडं बघितलं, आणि नवऱ्याकडं बघून कपाळाला हात लावला.

"जन्म हळदीत गेला तुमचा, आन येवढं कळंना? हळदीचा डाग घासून जातो का कवा? लुगड्याला लागली तर आमी काय खरवडत बसतो? उन्हात टाकतो. पेठंत यापाऱ्यानं हळद उन्हात उघडी ठिवली, रंग उडंल म्हणून बोंबलत कोण सुटतं? तुमीच न्हवं का?"

खरंच की! जोतीराम नाक पुसत उठला. दोघांनी गाडी ढकलत पोर्चबाहेर अंगणात घेतली आणि बॉनेट उन्हाकडं केलं. अश्विनातलं ऊन ते, चामडी सोलणारं. जोतीराम पेरूच्या झाडाखाली उकिडवा बसून बघत राहिला. जेवायला बोलावलं, गेला नाही. दुपार कलेपर्यंत पिवळ्याचा लिंबू झाला, लिंबाची साय झाली, आणि बोटं एकेक करून विरून गेली. उरला तो तांबडा ठिपका. तो काही कुठल्या उन्हानं जाणार नव्हता.

आता सांगणं भाग होतं. बाई दुपारची विश्रांती घेऊन व्हरांड्यात आल्या, तसा जोतीराम हात जोडून पुढं झाला.

"बाई, माझ्याकडनं लय मोठी चूक झाली. तुमी काय बी बोला, मी ऐकून घेतो. गाडीचा रंग जाळला मी. रंगाऱ्याकडनं नवा हात मारून देतो, पर तुमी उद्या निघणार..."

बाई पायऱ्या उतरून गाडीपाशी गेल्या. चष्मा पुसला, घातला. बॉनेटवर वाकल्या. तांबडा ठिपका त्यांनी बघितला की नाही कोण जाणे, त्या दुसरंच काहीतरी शोधत होत्या.

"पोरीचा हात कुठाय?" त्यांनी विचारलं.

"जी?"

"मनूचा हात. सकाळी खिडकीतून बघितला मी, चांगला ठसठशीत उमटला होता. कुठे गेला?"

"गेला बाई. उन्हानं घालवला. आता काय बी राहिलं न्हाई बघा."

बाईंचा चेहरा पडला. इतकी वर्षं दवाखान्यात मेली-जगलेली माणसं बघितलेल्या त्या बाईचा चेहरा असा पडलेला जोतीरामनं पहिल्यांदाच बघितला.

"जोतीराम, तू भला माणूस आहेस, पण तुझ्याइतका मूर्ख माणूस मी बघितला नाही," त्या म्हणाल्या. "अरे, मला चकाकी कशाला हवी होती? मिरजेत शेकडो पोरं माझ्या हातून जन्माला आली. कोण कुठे गेलं, मला काय ठाऊक? एवढी एक पोर दर वर्षी येऊन मला हात दाखवते, बघ बाई, एवढी वाढले म्हणते. आणि दर वर्षी संध्याकाळी तू फडकं घेऊन तो हात पुसतोस! मी विचारते, पुसलास? आणि तू मोठ्या अभिमानानं सांगतोस, डागसुद्धा ठेवला नाही. यंदा म्हटलं, चला, शेवटचा तरी साताऱ्यापर्यंत सोबत नेईन. तर तू उन्हातसुद्धा घातलास."

जोतीरामला वाटलं, धरणी फाटावी. आठ वर्षं! आठ वर्षं तो या माऊलीला द्यायचं ते देत होता, आणि संध्याकाळी स्वतःच्या हातानं परत काढून घेत होता. ते 'हं' म्हणजे काय होतं, ते आत्ता कुठं त्याच्या डोक्यात शिरलं.

"मग... मग आता वं बाई?"

"आता काय? हळद संपली का सांगलीतली?"

भामाबाई आधीच आत पळाली होती. वाटी घेऊन आली, मनूला पुढं ढकललं. मनू हात मागं बांधून उभी, बापाकडं बघत. मग जोतीरामनंच तिचं मनगट धरलं. ज्या माणसानं बॉनेटवर माशी बसू दिली नव्हती, त्यानं लेकीचा पंजा वाटीत बुडवला आणि नेमका त्या जळक्या ठिपक्यावर टेकवला.

"घट्ट दाब," बाई मनूला म्हणाल्या. "लगेच हात उचलायचा नाही."

जोतीरामनं ते शब्द ओळखले. त्यानं वर बघितलं. बाईही त्याच्याचकडं बघत होत्या. कृष्णेचा पूल, मागची सीट, वळलेली मूठ, सगळं दोघांनाही आठवलं असणार. त्यानं लेकीच्या हातावर आपला हात ठेवला आणि दाबून धरला, आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना त्याला हसूही येत होतं.

"बाई, तुमचं लय उपकार हायती आमच्यावर," तो म्हणाला. इतक्या वर्षांत हे साधं वाक्य त्यानं कधी तोंडानं म्हटलंच नव्हतं, नुसती गाडी घासली होती.

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. "पोर मोठी झालेली दिसतेय ना, तेवढं पुरे."

हात उचलला. पिवळा पंजा, आणि तळव्याच्या मधून तांबडा ठिपका डोकावत होता.

"बघा," भामाबाई म्हणाली, "हळद आपली, आन कुंकू ह्यांनी सकाळीच लावून ठिवलं हुतं." बाई एवढ्या मोठ्यानं हसल्या की शेजारच्या बंगल्यातली माणसं कुंपणापाशी आली.

दसऱ्याला सोनं वाटून झालं आणि ऑस्टिन साताऱ्याला गेली, बॉनेटवर हात घेऊन. पुढच्या नवमीला जोतीराम, भामाबाई आणि मनू एस.टी.नं साताऱ्याला उतरली. ऊन-पावसानं हळद केव्हाच नेली होती, पण ठिपका होता. बाईंनी तो रंगवू दिला नव्हता, खूण म्हणून ठेवला होता. जोतीरामनं पिशवीतनं मशीन काढलं, पाटावर मांडलं, माळ घातली. मनूनं ठिपक्यावर हात टेकवला. यंदा बोटं चांगलीच पुढं गेली होती, बाईंनी चष्मा लावून बघितलं आणि मान हलवली.

संध्याकाळी निघताना बाई पायरीवर उभ्या राहिल्या. "पुसलास?" त्यांनी मुद्दामच विचारलं.

"न्हाई बाई," जोतीराम म्हणाला आणि रिकामे पिवळे हात त्यांना दाखवले.